४६ सामने, ३४ वर्षं

स्मरणिकेचं काम सुरू झालं, तेव्हा सगळ्यांची माहिती गोळा करण्यासाठी ऑनलाइन फॉर्म बनवायचं काम माझ्याकडे आलं. "तू कॉम्प्युटरवाली, तुझ्यासाठी पाच मिनिटांचं काम," असं म्हणून समितीने ते माझ्या गळ्यात घातलं. नाव, तुकडी, सध्याचं गाव, नोकरी-व्यवसाय आणि शेवटी एक रकाना : 'उल्लेखनीय कामगिरी'. फॉर्म भरून यायला लागले, तसं लक्षात आलं की निम्म्याहून जास्त जणांनी हा शेवटचा रकाना कोरा ठेवला आहे. ज्यांनी भरला होता, त्यांनीही बहुतेक शाळेतलंच काहीतरी लिहिलं होतं. दहावीचा क्रमांक, जिल्हा पातळीवरची खो-खोची ढाल, वक्तृत्वाचं बक्षीस. जणू त्यानंतरच्या तीस वर्षांत लिहिण्यासारखं काही घडलंच नाही.

'ब' तुकडीतल्या एका मैत्रिणीने तिथे 'काही नाही' असं लिहिलं होतं. ती तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे. मी फोन केला तर म्हणाली, "अगं, काय लिहू? ड्युटीला जाते नि घरी येते. त्यात उल्लेखनीय काय?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. पण रात्री एका माणसाची आठवण झाली. तो आपल्या शाळेचा नाही, आपल्या देशाचाही नाही. तरी या स्मरणिकेत त्याची गोष्ट सांगावीशी वाटते, कारण त्याच्या आयुष्यात हा शेवटचा रकाना कसा भरायचा, हाच प्रश्न आहे.

२००९ च्या मार्च महिन्यात मी कंपनीच्या कामासाठी डब्लिनमध्ये होते. रग्बीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण २१ मार्चच्या संध्याकाळी सगळं शहर टीव्हीसमोर बसलेलं, म्हणून मीही ऑफिसातल्या मंडळींबरोबर बसले. कार्डिफमध्ये आयर्लंड विरुद्ध वेल्स असा सामना होता. शेवटच्या काही मिनिटांत रोनन ओ'गाराने चेंडू टप्पा पडताच लाथेने खांबांमधून मारला आणि आयर्लंडने तो १७-१५ असा जिंकला. शेजारी बसलेले धिप्पाड लोक लहान मुलांसारखे रडत होते. युरोपातल्या त्या स्पर्धेत बाकीच्या सगळ्या संघांना एकाच मोसमात हरवलं, की त्याला 'ग्रँड स्लॅम' म्हणतात. आयर्लंडला तो त्याआधी एकदाच मिळाला होता, १९४८ साली. म्हणजे ६१ वर्षांपूर्वी.

नंतर वर्तमानपत्रांत एक फोटो पाहिला. घामाने निथळणारा कर्णधार ब्रायन ओ'ड्रिस्कॉल एका पांढऱ्या केसांच्या, सडपातळ म्हाताऱ्या गृहस्थांशी हात मिळवतोय. मी सहकाऱ्याला विचारलं, "हे कोण? मंत्री वगैरे?" तो म्हणाला, "हे जॅक काइल. १९४८ च्या संघातले. नंतर आफ्रिकेत डॉक्टर होते."

हे 'नंतर' म्हणजे किती, ते मी पुढे हळूहळू वाचत गेले.

जॅक काइल यांचा जन्म १० फेब्रुवारी १९२६ चा, बेलफास्टचा. त्याच्या पाचच वर्षं आधी आयर्लंडची फाळणी झाली होती. दक्षिणेकडचा मोठा भाग वेगळा होऊन स्वतंत्र होत गेला आणि बेलफास्टसह उत्तरेचे सहा परगणे ब्रिटनमध्ये राहिले. उत्तरेत प्रोटेस्टंट बहुसंख्य, दक्षिणेत कॅथलिक. फाळणी म्हटल्यावर मनांत काय काय राहून जातं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. काइल कुटुंब बेलफास्टमधलं, प्रोटेस्टंट. मुलगा बेलफास्ट रॉयल अकॅडमीत शिकला. ही शाळा १७८५ सालची, शहरातली सगळ्यात जुनी. तो पंधरा वर्षांचा असताना, १९४१ च्या एप्रिलमध्ये, जर्मन विमानांनी बेलफास्टवर बाँब टाकले. एका रात्रीत नऊशेच्या आसपास माणसं मेली आणि शहराच्या उत्तर भागाची दाणादाण उडाली. शाळाही त्याच भागात आहे. शाळा संपल्यावर त्याने क्वीन्स युनिव्हर्सिटीत वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश घेतला.

गंमत अशी, की देशाचे दोन तुकडे झाले तरी रग्बीचा संघ एकच राहिला. आजही तो एकच आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंची मुलं तोच हिरवा सदरा घालून खेळतात. हे फार सोपं होतं असं नाही. बेलफास्टच्या सामन्यात ब्रिटिश राष्ट्रगीताला उभं राहायचं की नाही, यावरून दक्षिणेतले खेळाडू अडून बसत. १९५४ नंतर तर पन्नासहून अधिक वर्षं, थेट २००७ पर्यंत, पुरुष संघाचा एकही पूर्ण आंतरराष्ट्रीय सामना बेलफास्टच्या रेव्हनहिल मैदानावर झाला नाही. पण संघ मात्र फुटला नाही.

या संघात काइल यांनी १९४७ च्या जानेवारीत फ्रान्सविरुद्ध पहिला सामना खेळला. तेव्हा ते वैद्यकीयचे विद्यार्थी होते, वय एकविसाच्या आतलं. रग्बी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू, लांबट अंड्यासारखा चेंडू. तो हातात घेऊन पुढे पळता येतं, पण हाताने पास द्यायचा तर तो मागेच द्यावा लागतो. चेंडू घेऊन समोरच्यांच्या रेषेपलीकडे जाऊन तो जमिनीला टेकवला की 'ट्राय' होते. त्या काळी ट्रायला तीन गुण मिळत. काइल यांची जागा होती 'फ्लाय-हाफ'ची. पुढच्या आडदांड गड्यांनी झटापट करून चेंडू मिळवायचा आणि तो या माणसाकडे द्यायचा. पळायचं, लाथ मारायची की दुसऱ्याला द्यायचा, हे त्याने क्षणभरात ठरवायचं. अंगावर दोन-तीन पहिलवान धावून येत असताना डोकं थंड ठेवणं, हे त्या जागेचं मुख्य काम. पुढे शस्त्रक्रिया करताना ही सवय त्यांच्या कामी आली असेल, असं मला आपलं वाटतं.

१९४८ चा मोसम नववर्षदिनी पॅरिसजवळच्या कोलोंबमध्ये सुरू झाला आणि आयर्लंडने फ्रान्सला १३-६ असं हरवलं. इंग्लंडविरुद्ध लंडनच्या ट्विकनहॅममध्ये काइल यांनी स्वतः ट्राय केली. पण शेवटाकडे त्यांचाच एक पास इंग्लंडच्या खेळाडूने मधल्यामध्ये पकडला आणि तो ट्राय करून आला. आयर्लंड कसंबसं वाचलं, ११-१०. एका गुणाचा फरक. तो पास आणखी थोडा महागात पडला असता, तर पुढची साठ वर्षं लोकांनी काइल यांना वेगळ्याच कारणासाठी लक्षात ठेवलं असतं. मग स्कॉटलंडला ६-० असं हरवलं. १३ मार्चला वेल्सविरुद्धचा शेवटचा सामना बेलफास्टच्या त्याच रेव्हनहिलवर होता. तो आयर्लंडने ६-३ असा जिंकला. विजयी ट्राय करणाऱ्या जॅक डेलीचा सदरा लोकांनी आठवण म्हणून फाडून नेला. कर्णधार होता डब्लिनचा कार्ल मलन, तोही वैद्यकाचा विद्यार्थी, पुढे स्त्रीरोगतज्ज्ञ झाला. बिल मॅके हा आणखी एक खेळाडूही डॉक्टर होऊन न्यूझीलंडला स्थायिक झाला. संघात डॉक्टर जास्त की खेळाडू, असा प्रश्न पडावा.

याचं कारण मात्र साधं आहे आणि ते सांगितलं पाहिजे, नाहीतर गोष्ट खोटी वाटेल. त्या काळी रग्बीत पैसे मिळत नसत. घेतलेच तर खेळाडूवर बंदी येई. हा नियम थेट १९९५ साली बदलला. त्यामुळे प्रत्येक खेळाडूला पोटापाण्याचा दुसरा उद्योग असायचाच. आपल्याकडे दहावीचं वर्ष आलं की खो-खोच्या मुली मैदानावरून गायब व्हायच्या, आठवतंय? मीही त्यांतली एक. 'खेळ की अभ्यास' हा आपल्या घरांतला वाद तिथे त्या पिढीपुरता निकालात निघाला होता, कारण खेळावर घर चालणारच नव्हतं. आजच्या आयरिश खेळाडूला पूर्ण वेळ खेळाचा पगार मिळतो. त्याला सरावातून वेळ काढून रुग्णालयात वॉर्ड करणं फार अवघड आहे. म्हणजे काइल यांना दोन्ही जमलं, यात त्यांच्या गुणांइतकाच काळाचाही वाटा होता. शिवाय घरची परिस्थिती अशी होती की मुलगा सहा-सात वर्षं शिकू शकत होता.

तरीही ताण होताच. १९५० साली ब्रिटन आणि आयर्लंड यांच्या एकत्रित 'लायन्स' संघात त्यांची निवड झाली. दौरा होता न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाचा, बोटीने, पनामा कालव्यातून. तिकडे बोटीने गेलेला हा शेवटचा लायन्स संघ. जाऊन-येऊन जवळपास सहा महिन्यांचं काम आणि इकडे वैद्यकीय पदवी अजून पूर्ण व्हायची होती. गेले, सहाही कसोटी सामने खेळले. न्यूझीलंडविरुद्ध चारपैकी तीन हरले, एक बरोबरीत सुटला. त्या बरोबरीच्या सामन्यात काइल यांनी ट्राय केली होती. मालिका हरूनही न्यूझीलंडच्या रग्बी वार्षिकाने त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंत या पाहुण्याचं नाव घातलं. परत येऊन ते अभ्यासाला बसले आणि १९५१ मध्ये डॉक्टर झाले.

१९५८ पर्यंत ते आयर्लंडसाठी ४६ सामने खेळले. त्या वेळी तो आयर्लंडचा विक्रम होता. एवढ्या सामन्यांत त्यांच्या स्वतःच्या ट्राय फक्त सात. बाकी वेळी चेंडू दुसऱ्याला मिळेल, दुसरा मोकळा सुटेल, हे पाहणं हेच त्यांचं काम. १९५३ मध्ये फ्रान्सविरुद्ध त्यांनी एकट्याने केलेली एक ट्राय इतकी गाजली, की एका पत्रकाराने एका प्रसिद्ध कादंबरीतल्या कवितेचं विडंबन करून ती बातमीत घातली. १९५९ साली ब्रिटिश सरकारने त्यांना ओ.बी.ई. हा किताब दिला. वय ३३. आपल्या फॉर्ममधला 'उल्लेखनीय कामगिरी'चा रकाना इथे गच्च भरून सांडला असता.

आणि बेलफास्टमध्ये पुढचं आयुष्यही सुखाचं गेलं असतं. ज्या शहरात रस्त्यावरचा माणूस नावाने ओळखतो, तिथे प्रसिद्ध खेळाडू असलेल्या सर्जनला रुग्णांची काय कमी? पण १९६२ मध्ये ते इंडोनेशियात सुमात्रा बेटावर काम करायला गेले. तिथे दोन वर्षं काढली. १९६६ मध्ये आफ्रिकेतल्या झांबियात चिंगोला या गावी सर्जन म्हणून रुजू झाले.

चिंगोला म्हणजे तांब्याच्या खाणीचं गाव, काँगोच्या सरहद्दीजवळ. इथली न्चांगा ही उघडी खाण जगातल्या सगळ्यात मोठ्या उघड्या खाणींपैकी एक. झांबिया स्वतंत्र झाला ऑक्टोबर १९६४ मध्ये. तेव्हा अख्ख्या देशात स्थानिक पदवीधर होते शंभरच्या आसपास. देशातलं पहिलं विद्यापीठ उघडलं १९६६ मध्ये, म्हणजे काइल तिथे पोचले त्याच वर्षी. त्यामुळे झांबियाचे स्वतःचे डॉक्टर तयार व्हायला अजून बरीच वर्षं होती. सुरुवातीला खाणीची भरभराट होती आणि रुग्णालयही बऱ्यापैकी सुसज्ज होतं. ते काही झोपडीत बसून सेवा करत नव्हते, हेही सांगायला हवं.

पण अशा गावात सर्जन म्हणजे सगळ्याचाच डॉक्टर. मोठ्या शहरात हाडांचा वेगळा, पोटाचा वेगळा, बायकांचा वेगळा. इथे खाणीत चिरडलेला पाय, अडलेलं बाळंतपण, फुटलेलं अपेंडिक्स, रस्त्यावरचा अपघात, हर्निया, भाजलेलं मूल, सगळं एकाच टेबलावर यायचं. 'हे माझ्या विषयातलं नाही, पुढे पाठवा' म्हणायची सोय नाही, कारण पुढे पाठवायला जवळ कोणी नाही.

मग दिवस पालटले. झांबियाच्या निर्यातीत ९० टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या तांब्याचा होता आणि १९७५ च्या सुमाराला तांब्याचा जागतिक भाव कोसळला. त्याबरोबर देशाची तिजोरीही. पुढची वीस-पंचवीस वर्षं टंचाईची गेली. औषधं, सुटे भाग, पगार, सगळ्यालाच कात्री लागली. अनेक परदेशी तज्ज्ञ गाशा गुंडाळून निघाले. त्यातच १९८० च्या दशकात एड्स आला. १९९० च्या दशकाच्या शेवटी झांबियातल्या सुमारे १५ टक्के प्रौढांना एच.आय.व्ही.ची लागण होती. यावरची औषधं तिथल्या सरकारी दवाखान्यांतून मिळू लागली ती २००० नंतर. म्हणजे काइल तिथे असेपर्यंत या रोगावर तिथल्या सामान्य माणसासाठी उपाय असा नव्हताच. सर्जनच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे कोणीही डॉक्टर सांगेल. हातमोज्यातून सुई टोचली तर काय, हा विचार मनात असताना सुरी हातात घ्यायची. आणि टाके घालून बरा केलेला तरुण वर्षभराने वेगळ्याच कारणाने दगावताना पाहायचा.

काइल मात्र राहिले. थोड्या काळासाठी म्हणून गेलेला माणूस ३४ वर्षं एकाच गावात शस्त्रक्रिया करत राहिला. २००० साली परतले तेव्हा वय ७४.

इथे मी अडते. खेळाचं सगळं सांगता येतं. कोणत्या तारखेला, कोणत्या मैदानावर, किती विरुद्ध किती. १९४८ चा गुणफलक मी वर उतरवला, कारण तो कोणीतरी जपून ठेवला आहे. चिंगोलातल्या ३४ वर्षांचा गुणफलक नाही. किती बायका बाळंतपणातून सुखरूप घरी गेल्या, किती खाणकामगार पुन्हा दोन पायांवर उभे राहिले, हे रुग्णालयाच्या नोंदवह्यांत कधीतरी लिहिलं गेलं असेल. ते कोणी विक्रम म्हणून वाचत नाही. बारा मोसमांचा खेळ सगळ्या जगाला माहीत आणि त्याच्या जवळपास तिप्पट काळाचं काम एका वाक्यात संपतं : 'नंतर आफ्रिकेत डॉक्टर होते.'

परत आल्यावर ते काउंटी डाउनमध्ये, मोर्न डोंगरांच्या पायथ्याशी ब्रायन्सफर्ड या खेड्यात राहिले. कवितेची त्यांना फार आवड, अनेक कविता तोंडपाठ. सन्मान पुष्कळ झाले. २००२ मध्ये आयरिश रग्बी संघटनेने त्यांना आयर्लंडचा आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरवलं. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय रग्बीच्या मानकऱ्यांत त्यांचा समावेश झाला. २००९ मध्ये ते कार्डिफला गेले आणि आपला साठ वर्षांचा एकमेव मान त्यांनी हसतमुखाने नव्या पोरांच्या हाती दिला. तोच तो फोटो. त्यानंतर महिनाभराने त्यांचे कर्णधार कार्ल मलन वारले. २०१४ मध्ये त्यांच्या मुलीने वडिलांशी झालेल्या गप्पांचं पुस्तक काढलं आणि त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला, वयाच्या ८८ व्या वर्षी, डॉ. काइल गेले.

हे सन्मान खेळासाठी होते आणि ते योग्यच होते. मला प्रश्न पडतो तो वेगळा. समजा त्यांच्या शाळेने मेळाव्यासाठी असाच एक फॉर्म पाठवला असता आणि तो भरणारा माणूस रग्बी कधी खेळलाच नसता, नुसताच चिंगोलाचा सर्जन असता, तर त्याने शेवटच्या रकान्यात काय लिहिलं असतं? बहुधा माझ्या मैत्रिणीसारखंच. 'काही नाही. ड्युटीला जातो नि घरी येतो.'

आपण सगळे आता पन्नाशीच्या आसपास आहोत. ढाली, क्रमांक, बक्षिसं ही आपल्या बहुतेकांच्या आयुष्यात सोळाव्या वर्षी संपली. त्यानंतर जे केलं ते रोजचं होतं, म्हणून ते मोजायची सवय लागली नाही. कोणी पंचवीस वर्षं एस.टी. चालवली, कोणी बँकेच्या काउंटरवर बसलं, कोणी अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं केलं, कोणी तोट्यातली शेती सोडली नाही. आपण काही जॅक काइल नाही, हे मान्य. पण त्यांच्या आयुष्याचाही मोठा भाग असाच, टाळ्यांविना, रोज सकाळी उठून कामावर जाण्यात गेला.

फॉर्म छापायला जाण्याआधी मी मैत्रिणीला पुन्हा फोन केला. "आजवर किती बाळंतपणं केलीस गं?" विचारलं. ती हसली. "मोजली कुठे? आता पहिल्या-पहिल्या मुलीच आपल्या बाळंतपणाला येतात." मग जरा थांबून म्हणाली, "एवढं मात्र आहे, रात्रपाळीला कधी दांडी मारली नाही."

समितीला विचारून मी त्या रकान्याचं नाव बदललं आहे. तो आता 'आजवर केलेलं काम' असा आहे. ज्यांनी तो कोरा ठेवला होता, त्यांना पुन्हा फोन करून भरून घेतला. मैत्रिणीच्या नावापुढे छापलंय : 'परिचारिका, प्रसूती विभाग, २२ वर्षं. रात्रपाळीला एकदाही गैरहजर नाही.'